दुओदाने मुलाला काय दिलं नाही

उझेसच्या झऱ्याचं पाणी रोमन लोकांनी पन्नासेक किलोमीटरचा पाट काढून नीम शहराला नेलं होतं. त्या पाटासाठी वाटेतल्या नदीवर बांधलेला तीन मजली पूल, पोन द्यू गार, अजून उभा आहे. दक्षिण फ्रान्सला गेलेला माणूस सहसा तो बघितल्याशिवाय परतत नाही. इसवी सन ८४१ मध्ये तो पाट केव्हाच कोरडा पडलेला होता. उझेस मात्र नांदतं होतं, तिथे एक बिशप होता, आणि नवऱ्याच्या हुकमाने त्या गावात राहणारी दुओदा नावाची एक सरदारीण होती. त्या वर्षी २२ मार्चला तिला दुसरा मुलगा झाला. बाप्तिस्मा व्हायच्या आधीच नवऱ्याने त्याला मागवून घेतलं. उझेसचे बिशप एलेफांतुस आणि आणखी काही विश्वासू माणसं बाळाला घेऊन नैर्ऋत्य फ्रान्समधल्या अ‍ॅक्विटेनला गेली. बाळाचं नाव काय ठेवलं, हे पुढे दीड-दोन वर्षं उलटली तरी आईला ठाऊक नव्हतं.

थोरला गिओम तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्याच उन्हाळ्यात बापाने त्याला राजा शार्लच्या हवाली केलं. ओलीस म्हणा की सेवक म्हणा, त्या काळात दोहोंत फार अंतर नव्हतं. दोन्ही मुलं अशी दूर गेल्यावर, ३० नोव्हेंबर ८४१ या दिवशी दुओदा लिहायला बसली. २ फेब्रुवारी ८४३ ला तिने पुस्तक हातावेगळं केलं. देवाची भक्ती कशी करावी, बापाशी कसं वागावं, राजाची चाकरी कशी करावी, कोणाकोणासाठी प्रार्थना करावी, आईचं कर्ज कसं फेडावं, हे सगळं तिने चौदा महिने थोरल्यासाठी लिहून काढलं.

त्या शतकातल्या युरोपात लिहिणारी माणसं बहुतेक मठातली नाहीतर चर्चमधली. एका संसारी बाईने लॅटिनमध्ये लिहिलेलं एवढं मोठं पुस्तक त्या काळातून दुसरं हाती आलेलं नाही. अभ्यासक तिला मान देतात तो मुख्यतः यासाठी, आणि तो तिचा हक्कच आहे. मला ती धरून ठेवते ते मात्र वेगळ्या कारणाने. तिच्या सासरच्या घरात त्याआधीच्या दहा-बारा वर्षांत जे घडलं होतं, ते वयात येणाऱ्या मुलाला कोणीही सांगितलंच असतं. वैर म्हणून, वारसा म्हणून, घराण्याची इभ्रत म्हणून सांगितलं असतं. दुओदाने सांगितलं नाही. हे मला कळलं ते पुस्तक वाचून झाल्यावर, त्या घराची हकिकत इतर बखरींतून जुळवायला घेतली तेव्हा. मग मी परत पहिल्या पानापासून सुरुवात केली, आणि प्रत्येक प्रकरण वेगळं वाटायला लागलं.

ती हकिकत आधी सांगते.

दुओदाचं लग्न २९ जून ८२४ ला आखेनच्या राजवाड्यातल्या चर्चमध्ये झालं. तारीख ती स्वतः देते. गिओमचा जन्म २९ नोव्हेंबर ८२६ चा, हेही तीच सांगते. स्वतःच्या माहेराबद्दल ती जवळजवळ काही बोलत नाही, पण सम्राटाच्या राजधानीत, त्याच्याच चर्चमध्ये जिचं लग्न लागतं ती मोठ्या घरची असणार हे उघड आहे. नवरा बेर्नार तर आजच्या फ्रान्स-जर्मनीवर राज्य करणाऱ्या फ्रँक लोकांच्या सम्राटाचा, लुईचा, धर्मपुत्र. बेर्नारचे वडील, म्हणजे दुओदाचे सासरे, यांचंही नाव गिओमच. लुईचा बाप सम्राट शार्लमेन, त्याच्या नात्यातले आणि त्याचे नामांकित सेनानी. ८०१ मध्ये बार्सिलोना मुसलमानी अमलातून फ्रँकांच्या हाती आलं, त्या मोहिमेत ते होते. त्यानंतर तीनच वर्षांनी त्यांनी डोंगरांच्या खोबणीत गेलोनचा मठ स्थापला, आणि पुढे तलवार खाली ठेवून स्वतः तिथेच साधू होऊन राहिले. त्यांच्या पराक्रमाचे पोवाडे फ्रेंच भाट पुढे कित्येक शतकं गात राहिले. चर्चने त्यांना संत मानलं, आणि मठाच्या गावाला आज त्यांचंच नाव आहे.

अशा घरात सून म्हणून जाणं काय असेल? मी विचार करते तेव्हा मला वाटतं, त्या घराची उंची हाच त्या घराचा धोका होता. राजवाड्याच्या इतकं जवळ राहिलं की वाड्यातली आग आधी आपल्या छपराला लागते.

सम्राट लुईला पहिल्या बायकोपासून तीन मुलगे होते आणि राज्याच्या वाटण्या ८१७ मध्येच करून झाल्या होत्या. मग दुसरी बायको ज्युडिथ आली. तिला ८२३ मध्ये मुलगा झाला, तोच शार्ल. या चौथ्याला वाटा द्यायचा म्हणजे आधीच्या तिघांच्या ताटातून काढायचा. ८२९ मध्ये लुईने बेर्नारला दरबारात बोलावून राजवाड्याचा मुख्य कारभारी केलं आणि लहान शार्लवर लक्ष ठेवायला सांगितलं. वर्षभरात कुजबुज सुरू झाली की बेर्नार आणि महाराणी ज्युडिथ यांचे संबंध आहेत. थोरल्या राजपुत्रांना बंडासाठी निमित्त हवंच होतं. ८३० मध्ये बंड झालं, बेर्नार बार्सिलोनाला पळाला, महाराणीला मठात कोंडलं, आणि बेर्नारचा भाऊ एर्बेर त्यांच्या हाती सापडला. त्याचे डोळे काढले.

पुढच्या वर्षी बेर्नारने दरबारात येऊन आव्हान दिलं की ज्याला आरोप करायचा असेल त्याने माझ्याशी द्वंद्वात लढावं. कोणी पुढे आलं नाही. पण या घरावरचा सूड अजून पुरा व्हायचा होता. ८३४ मध्ये थोरला राजपुत्र लोथार याने सोन नदीकाठचं शालों शहर घेतलं आणि जाळलं. तिथे बेर्नारचा दुसरा भाऊ गोसेल्म त्याच्या तावडीत सापडला. त्याचा शिरच्छेद केला. त्यांची बहीण गेरबर्गा जोगीण होती. तिच्यावर चेटूक केल्याचा आळ घेतला, तिला पिंपात बंद केलं आणि नदीत बुडवलं.

गेरबर्गा म्हणजे गिओमची सख्खी आत्या. त्या वेळी तो सात वर्षांचा होता.

या सगळ्या काळात दुओदा कुठे होती? बराचसा काळ दक्षिणेत, आणि पुढे उझेसमध्ये, नवऱ्याच्या आज्ञेने. बेर्नार दरबारात, रणांगणात, पळापळीत. स्पेनच्या सरहद्दीवरचं त्याचं काम, त्याचे हक्क, त्याची माणसं टिकवून धरायला लागणारा पैसा उभा करायची जबाबदारी मात्र तिच्यावर. हे आपल्याला कळतं ते तिच्या कर्जामुळे, आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे.

८४० च्या जूनमध्ये सम्राट लुई वारला. भावाभावांत युद्ध पेटलं. २५ जून ८४१ ला फोंतनुआला मोठी लढाई झाली: एका बाजूला लोथार, दुसऱ्या बाजूला त्याचा सख्खा भाऊ, बापाच्याच नावाचा लुई, आणि सावत्र भाऊ शार्ल. निथार्ड नावाचा सरदार या लढाईत स्वतः लढला आणि त्यानेच तिचा इतिहास लिहिला. तो म्हणतो, बेर्नार रणांगणापासून तीन कोसांवर होता आणि त्याने कोणालाच मदत केली नाही. शार्लची बाजू वरचढ ठरल्याचं कळल्यावर त्याने आपल्या मुलाला, गिओमला, शार्लकडे पाठवून दिलं. बर्गंडीतली जहागीर मिळणार असेल तर त्याची चाकरी पत्कर, असं सांगून पाठवलं.

तर दुओदाचा मुलगा आता त्या माणसाच्या छावणीत आहे, ज्याचा गिओमच्या बापावर विश्वास नाही. बापाने त्याला तारण म्हणून ठेवलंय. आणि आई त्याला लिहितेय.

पुस्तकाच्या आरंभी एक कविता आहे. तिच्या ओळींची आद्याक्षरं एकाखाली एक वाचत गेलं तर वाक्य तयार होतं: दुओदाचा आपल्या लाडक्या गिओमला नमस्कार, वाच. पुढे गद्य सुरू होतं आणि ती म्हणते की जगातल्या बहुतेक बायका आपल्या मुलांसोबत राहण्याचं सुख भोगतात, आणि मी दुओदा मात्र तुझ्यापासून दूर आहे. लायक बायकांमध्ये नालायक म्हणून जगणारी असले, तरी आई तुझीच आहे. तरुण मुलं सोंगट्यांच्या पटावर रमतात हे तिला माहीत आहे. तसा मन लावून थोडा वेळ या पुस्तकाला दे, असं तिचं सांगणं. बायका आरशात बघून चेहऱ्यावरचा डाग पुसतात, तसा तू इथे स्वतःला बघत जा. तुला गुरू मिळतील, माझ्याहून जास्त आणि मोठं शिकवणारे मिळतील, पण माझ्यासारखं काळीज जळत असताना शिकवणारं कोणी मिळणार नाही, हेही ती स्पष्ट लिहिते. या एका वाक्यापाशी मी दर वेळी थांबते. त्यात कुरकूर नाही. आपली जागा काय आहे हे तिला नेमकं ठाऊक आहे आणि ती ते सांगायला लाजत नाही.

मजकुराचा मोठा भाग बायबलमधल्या वचनांनी विणलेला आहे. स्तोत्रं तर तिच्या ओठांवर आहेत. कुठल्या प्रसंगी कुठलं स्तोत्र म्हणावं याचीही ती शेवटी जंत्री देते. आकड्यांचे खेळ तिला फार आवडतात: पवित्र आत्म्याची सात दानं, आठ धन्यता, सात आणि आठ मिळून पंधरा, मग पंधरा पायऱ्यांनी वर चढायचं. आजच्या वाचकाला हा भाग जड जातो. मलाही गेला. पण ही बाई स्वतः वारंवार आजारी पडत होती, मुलगा पुन्हा दिसेल की नाही याची तिला खात्री नव्हती, आणि ती त्याला एक असं घर बांधून देत होती जे छावणीत, प्रवासात, कैदेतही बरोबर नेता येईल. असं समजून वाचलं की ती जंत्रीसुद्धा जिवंत होते. झोपताना कपाळावर आणि बिछान्यावर क्रुसाची खूण कर, असं सांगणारी आई तिथे दिसते.

तिसऱ्या भागात ती बापाबद्दल बोलते, आणि इथे मन गुंतागुंतीत पडतं. बापाला सगळ्यात आधी मान दे, त्याच्यावर प्रेम कर, त्याचा धाक धर, जगात तुझी जी जागा आहे ती त्याच्यामुळे आहे. बापाविरुद्ध उठलेल्या बायबलमधल्या अबशालोमचं काय झालं ते आठव. ज्या नवऱ्याने तान्हं बाळ नेलं, ज्याच्याबद्दल महाराणीच्या नावाने सगळ्या राज्यात चर्चा झाली, ज्याने तिला वर्षानुवर्षं एका गावात बसवून ठेवलं, त्याच्याविरुद्ध पुस्तकभर एक शब्द नाही. ती त्याला धनी म्हणते. महाराणीचं प्रकरण तर तिच्या लेखी घडलेलंच नाही.

मग लगेच ती राजाकडे वळते. शार्ल हा तुझा धनी आहे; देवाने आणि तुझ्या वडिलांनी तुझ्यासाठी त्याची निवड केली आहे. त्याची चाकरी वरवर करू नकोस, तनामनाने कर. आणि मग ती लिहिते की धन्याशी बेइमानी केल्याचा ठपका तुझ्या घराण्यावर कधी आलेला नाही आणि यापुढेही येता कामा नये. हे तिने लिहिलं तेव्हा फोंतनुआच्या लढाईला जेमतेम वर्ष-दीड वर्ष झालं होतं. तीन कोसांवर थांबलेल्या बेर्नारबद्दल लोक काय बोलत होते, हे तिच्या कानावर आलं नसेल असं मला वाटत नाही.

ती भाबडी होती, असं म्हणणारे म्हणोत. मला ते पटत नाही. जिने सरहद्दीवरचा कारभार कर्ज काढून चालवला, ती भाबडी नसते. आणखी एक गोष्ट आहे. हे पुस्तक फक्त मुलगा वाचेल असं तिने धरलेलं नाही. दुसऱ्या वाचकांनाही ती मधूनच उद्देशून बोलते. शार्लच्या दरबारात गिओमच्या हातात असलेलं पुस्तक कोणाच्याही हाती पडू शकतं, हे तिला कळत होतं. म्हणजे तिच्या मौनात सावधपणा आहेच. पण नुसत्या सावधपणाने दहाव्या भागाचा उलगडा होत नाही.

दहाव्या भागात ती मृतांची नावं देते. वडिलांच्या घराण्यातले जे गेले त्यांच्यासाठी प्रार्थना कर, त्यांनीच मागे ठेवलेलं तुझ्या वाट्याला येणार आहे, असं सांगून एकेक नाव: गिओम, कुनिगुंद, गेरबर्गा, विटबुर्ग, तेओदोरिक, गोसेल्म, वार्नेर, रोथलिंद. माझे वडील पितृपंधरवड्यात तर्पण करताना एक जीर्ण कागद समोर ठेवत. त्यावर तीन पिढ्यांची नावं आणि गोत्र. कोण कसं गेलं, कोणाचं कोणाशी वाकडं होतं, यातलं त्या कागदावर काहीच नसायचं. प्रत्येकाच्या वाट्याला तेवढंच पाणी. दुओदाच्या यादीत गेरबर्गा आहे, पण नदी नाही. गोसेल्म आहे, पण तलवार नाही. लोथारचं नाव त्या यादीच्या आसपासही नाही.

मला असं वाटतं की सोळा वर्षांच्या मुलाला ती नावं द्यायची आणि त्यांच्या मरणाची कथा द्यायची नाही, हे तिने ठरवून केलं. मुलाला हकिकत माहीत असणारच. नसेल तर दरबारात कोणी ना कोणी सांगेल. पण आईच्या हातून ती जाऊ नये. तिच्या हातून जावं ते एवढंच, की ही आपली माणसं आहेत, यांना विसरू नकोस. चौथ्या भागात ती त्याला राग टाळायला, सोसायला, गरिबांना द्यायला शिकवते. तिसऱ्यात हरणांचा एक दाखला आहे. हरणांचा कळप रुंद पाणी ओलांडतो तेव्हा प्रत्येक हरीण आपलं शिंगांनी जड झालेलं डोकं पुढच्याच्या पाठीवर टेकवतं, आणि पुढचं दमलं की ते मागे येतं, दुसरं पुढे जातं. दरबारातल्या लोकांनी असं एकमेकांना धरून जावं, असं ती म्हणते. ज्या दरबारात भावांनी भावांची माणसं कापली, त्या दरबारात वावरणाऱ्या मुलाला ती हे सांगतेय. घरातल्या बायकांनी वैराची आग पेटती ठेवल्याच्या कथा आपण सगळ्या भाषांत वाचतो, त्यांना टाळ्याही वाजवतो. दुओदाने ती आग आपल्या पदरात झाकून घेतली आणि पुढे दिली नाही.

आता कर्ज. दहाव्याच भागात ती गिओमला सांगते की तुझ्या वडिलांचं सरहद्दीवरचं काम अडू नये, आणि त्यांनी मला व तुला टाकून जाऊ नये, म्हणून मी मोठमोठ्या रकमा उचलल्या आहेत. ख्रिश्चनांकडून घेतल्या, ज्यूंकडूनही घेतल्या. जमेल तेवढं फेडलंय, जमेल तेवढं फेडीन. मी मेल्यावर काही शिल्लक राहिलं तर कोणाकोणाचं देणं आहे ते नीट शोध आणि माझ्या मालमत्तेतून फेड, नाही पुरलं तर स्वतःच्या कमाईतून फेड. ज्यूंकडचं कर्ज बुडवायला त्या काळात सबबी पुष्कळ सापडल्या असत्या. ती दोघांना एकाच ओळीत बसवते. आणि बायकोला टाकून जाण्याचा तो उल्लेख, तो हिशेबाच्या मजकुरात आलाय. तिच्या संसाराबद्दल याहून उघड असं ती कुठेही बोललेली नाही.

मग ती स्वतःच्या थडग्यासाठी मजकूर लिहून देते. तोही कवितेत. वाटसरूने थांबावं, वाचावं, दुओदासाठी क्षमा मागावी. मृतांच्या यादीत माझंही नाव घाल, असं ती मुलाला सांगते.

आणि धाकटा. त्याच्याबद्दल ती अनेकदा लिहिते. तुझ्या लहानग्या भावाचं नाव मला अजून कळलेलं नाही. त्याचा बाप्तिस्मा झाला, तो बोलायला-वाचायला शिकला, की त्याला हे पुस्तक दाखव, वाचून दाखव. त्याला शिकव, त्याला जप, तो तुझंच रक्तमांस आहे. एकाच पुस्तकात दोन मुलं सांभाळायची तिची धडपड आहे. थोरल्याला ती भाऊ देते आणि धाकट्याला थोरल्याच्या आवाजात आई.

२ फेब्रुवारी ८४३ नंतर दुओदाचा उल्लेख कुठल्याही कागदात येत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हर्डनला तिन्ही भावांनी साम्राज्याची वाटणी केली आणि पश्चिमेचा भाग, जो पुढे फ्रान्स झाला, तो शार्लकडे आला. अ‍ॅक्विटेन त्याला जुमानत नव्हतं. ८४४ मध्ये तुलूझला वेढा घातलेला असताना त्याने बेर्नारला पकडलं, राजद्रोहाचा ठपका ठेवला आणि मारलं. ज्या माणसाला लहानपणी सांभाळण्यासाठी बेर्नारला दरबारात आणलं होतं, त्याच्याच हुकमाने.

गिओम सतरा वर्षांचा होता. बाप आधी, मग राजा, असं आईने लिहून ठेवलं होतं, आणि राजाने बापाला मारलं होतं. आईने सांगितलेल्या दोन्ही वाटा आता एकमेकींना छेदत होत्या; तिसरी वाट तिच्या पुस्तकात होती, क्षमेची, पण ती धरायला त्या वयात कोण तयार असतं? गिओम शार्लच्या शत्रूंना, अ‍ॅक्विटेनच्या पेपिनला जाऊन मिळाला. ८४८ मध्ये त्याने कपटाने बार्सिलोना घेतलं. तेच शहर, जे जिंकण्यात त्याच्या आजोबांचा हात होता. ८५० मध्ये तिथेच तो कपटाने पकडला गेला आणि मारला गेला. तेविसाव्या वर्षी.

काही लेखक इथे म्हणतात की दुओदाची शिकवण फुकट गेली. मला हा निवाडा फार घाईचा वाटतो. मुलाला देऊन टाकलेली शिकवण त्याच्या एका तरुणपणाच्या मापाने मोजायची नसते, आणि तिने कुठेही असं लिहिलेलं नाही की हे वाचलंस तर तू जगशील. तो जगेल की मरेल हे तिच्या हातात नव्हतंच. त्याच्या मनात आपण काय पेरायचं, एवढंच तिच्या हातात होतं, आणि ते तिने फार विचाराने निवडलं. वैर त्याला बाकीच्या जगाने दिलं.

धाकट्याचं नाव बेर्नारच ठेवलं होतं. बहुतेक इतिहासकारांच्या मते ओव्हेर्नचा काउंट म्हणून पुढे बलाढ्य झालेला ‘केसाळ पायांचा’ बेर्नार तो हाच. मृदू मनाचा तो मुळीच नव्हता. ८६४ च्या नोंदीत एका बिशपने, हा बेर्नार देहाने आणि वागणुकीने आपल्या बापाचाच मुलगा आहे, असं कडवटपणे लिहून ठेवलंय. राजाच्या वाटेवर दबा धरून बसल्याचा आरोप त्याच्यावर होता. भावाच्या आवाजातलं आईचं पुस्तक त्याला कधी ऐकायला मिळालं का, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. पण तो टिकला, मोठा झाला, आणि त्याच्या मुलाचं नावही गिओम ठेवलं गेलं. हा तिसरा गिओम अ‍ॅक्विटेनचा ड्यूक झाला. लोक त्याला धर्मशील गिओम म्हणत. ९१० मध्ये त्याने बर्गंडीतलं आपलं एक गाव साधूंना दान दिलं. त्या गावाचं नाव क्लूनी.

क्लूनीचं दानपत्र उपलब्ध आहे. त्यात गिओम कोणाकोणाच्या आत्म्यासाठी हे दान देतोय ते सांगतो: राजा ओदो, माझे वडील, माझी आई, मी आणि माझी बायको, हे गाव माझ्या नावे करून गेलेली माझी बहीण आवा, भाऊबहिणी, पुतणे-भाचे, आमच्या चाकरीतली सगळी माणसं. आजीने दहाव्या भागात जे मागितलं होतं, ते नातवाने जमिनीसकट करून दिलं. त्याने पुस्तक वाचलं होतं असं मी म्हणत नाही. पण या घरात मृतांची नावं घ्यायची ही रीत दुओदाच्या आधीपासून होती आणि तिच्यानंतरही चालू राहिली. पुढे क्लूनीच्या साधूंची ख्याती झाली ती मृतांसाठी अखंड प्रार्थना करण्याबद्दलच. तिथल्या ओदिलो नावाच्या मठाधिपतीने अकराव्या शतकाच्या सुमारास आपल्या सगळ्या मठांना सांगितलं की २ नोव्हेंबर हा दिवस सर्व मृतांसाठी पाळावा. तोच आजचा ऑल सोल्स डे. वसईत आणि गोव्यात त्या दिवशी ख्रिस्ती कुटुंबं कबरी धुऊन फुलं आणि मेणबत्त्या लावतात, त्या रिवाजाची एक मुळी दुओदाच्या नातवाने दिलेल्या त्या गावापर्यंत जाते.

पुस्तकाचं काय झालं, तेही सांगायला हवं. नीमच्या ग्रंथालयात त्याच्या जवळजवळ दुओदाच्याच काळातल्या एका प्रतीची फाटकी पानं मिळाली. पॅरिसमध्ये सतराव्या शतकातली एक नक्कल आहे, ती बऱ्यापैकी पुरी पण चुकांनी भरलेली. सगळ्यात चांगला मजकूर चौदाव्या शतकातल्या एका हस्तलिखितात मिळाला, आणि ते हस्तलिखित बार्सिलोनात होतं. गिओम मरताना पुस्तक त्याच्याजवळ होतं असं मानायचा मोह मलाही होतो, पण इतक्या शतकांच्या अंतरावरून तसं म्हणता येत नाही. या तीन प्रती ताडून आजची आवृत्ती सिद्ध झाली आणि १९७५ मध्ये पॅरिसला मूळ लॅटिन व फ्रेंच भाषांतर समोरासमोर छापलं गेलं. इंग्रजी भाषांतरंही झाली आहेत.

मराठीत ते यावं असं मला मनापासून वाटतं. सगळं पुस्तक कोणी करायला घेतलं तर उत्तमच. तेवढं जमत नसेल तर पहिल्यांदा दहावा भाग करावा. कर्ज, मृतांची नावं, थडग्याचा मजकूर आणि नाव ठाऊक नसलेल्या बाळाची काळजी, असं सगळं मिळून दुओदा तिथे पुरी भेटते. आकड्यांची प्रकरणं शेवटी करावीत. आणि आरंभीची कविता करताना भाषांतरकाराने आद्याक्षरांचं बंधन सोडू नये. मराठी अक्षरांत ते अवघड जाईल, ओळी मोडून पुन्हा बांधाव्या लागतील, पण दुओदाने आपलं नाव आणि मुलाचं नाव तिथेच गुंफून ठेवलंय.